दावणीपासून गायरानापर्यंत : डॉ. अमृता पटेल यांचं पशुवैद्यक

३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या कंजरी इथे अमूलच्या पशुखाद्य कारखान्याचं उद्घाटन केलं. आदली रात्र त्यांनी अजरपुरा गावात शेतकऱ्याघरी काढली होती. आणंदच्या सहकारी दूध संघाचा नमुना देशभर न्यायचा विचार त्या मुक्कामानंतर पक्का झाला आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालं. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो; कारखान्याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. १९६५ मध्येच तिथे मुंबईहून पदवी घेतलेली एक तरुण पशुवैद्य रुजू झाली. तिचं नाव अमृता पटेल.

तिची पदवी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची. १८८६ पासूनची ही संस्था, दिनशा पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने उभारलेल्या जनावरांच्या रुग्णालयाच्या शेजारी वाढलेली. त्या काळी या विद्येकडे मुली क्वचितच वळत. वडील एच. एम. पटेल आयसीएस अधिकारी, केंद्रीय अर्थखात्याचे सचिव. मुंदडा आर्थिक घोटाळ्याच्या प्रकरणानंतर दिल्ली सोडून ते वल्लभ विद्यानगरात शिक्षणसंस्थांच्या कामाला लागले आणि पुढे १९७७ च्या जनता सरकारात अर्थमंत्री झाले. अशा घरातल्या मुलीने गोठ्याची वाट धरली आणि त्यातही पशुपोषणासारखा कुणाच्या डोळ्यांत न भरणारा विषय निवडला.

गावाला पशुवैद्य आठवतो तो गाय अडली, पोट फुगलं, कासदाह झाला की. पण दूध उत्पादनाच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा चारा आणि खुराकाचा असतो. गाय-म्हैस कडब्यावर जगू शकते ती पहिल्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या बळावर. या सूक्ष्मजीवांना नत्र लागतो आणि वाळल्या वैरणीत तो फारसा नसतो. म्हणून युरिया, मळी आणि क्षार यांची चाटण वीट दावणीत आली. पेंडीतली प्रथिनं पहिल्या पोटात वाया न जाता पुढे पचावीत, यासाठी तिच्यावर प्रक्रिया करण्याचं तंत्र आलं. आणंदला मंडळाने ही दोन्ही कामं मार्गी लावली. कंजरीत सुरू झालेली पटेल यांची जडणघडण याच विषयातली होती.

मंडळाचे अध्यक्ष डॉ. वर्गीस कुरियन यांच्या हाताखाली त्या पायरीपायरीने चढत गेल्या. १९९० मध्ये मंडळाच्या व्यवस्थापकीय संचालक, १९९८ मध्ये कुरियन यांच्यानंतर अध्यक्ष आणि २०१४ पर्यंत त्याच पदावर. मधल्या काळात, २००१ मध्ये, पद्मभूषण. त्यांच्या हाती आलेलं मंडळ पूर्वीचं नव्हतं. युरोपातून भेट मिळालेली दूध भुकटी आणि बटर ऑइल विकून उभा राहिलेला ‘दुधाचा महापूर’ हा कार्यक्रम १९९६ मध्ये संपला होता. उदारीकरणानंतर खासगी डेऱ्या बाजारात उतरल्या होत्या आणि अनेक राज्यांतले सहकारी संघ सरकारी हस्तक्षेपाने पोखरले होते.

इथेच गुरू-शिष्यांत फाटलं. राज्यांच्या महासंघांबरोबर संयुक्त कंपन्या काढून विक्रीव्यवस्था सुधारावी, असं पटेल यांना वाटत होतं. याने शेतकऱ्याची मालकी पातळ होईल, असा कुरियन यांचा आक्षेप होता. तो वाद वर्तमानपत्रांतून जाहीरपणे झाला. ‘माझंही एक स्वप्न होतं’ या नावाने मराठीत आलेल्या कुरियन यांच्या आत्मकथनातही त्यांची ही व्यथा दिसते. मालकीबद्दलची त्यांची भीती खोटी नव्हती. पण आजारी संघांना नुसती आणंदची आठवण पुरणार नव्हती, हे पटेल यांचं निदानही चुकीचं म्हणता येत नाही.

या वादाच्या धुरळ्यात त्यांचं अधिक मोलाचं काम झाकलं गेलं. पडीक जमिनीवर गावकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी झाडं आणि गवत वाढवावं, असा प्रकल्प मंडळाने १९८६ मध्ये हाती घेतला होता. त्यातूनच पुढे २००१ मध्ये ‘फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी’ ही संस्था उभी राहिली आणि तिचं अध्यक्षपद पटेल यांनी सांभाळलं. गावाच्या सामायिक जमिनी, पाणवठे आणि जंगलं यांचा कारभार गावाच्याच हाती यावा, हे संस्थेचं सूत्र. त्यामागचा हिशेब पशुवैद्याचा आहे. दोन एकरवाला जनावराला बांधावरचं गवत, उसाचं वाढं किंवा कडबा घालेल. भूमिहीन बाईची म्हैस मात्र गायरानावरच जगते. गायरान गेलं की तिचं दूध जातं आणि डेअरीतलं तिचं खातं बंद पडतं.

दुसरं काम २०१२ च्या राष्ट्रीय दुग्ध योजनेतलं. २,२४२ कोटी रुपयांच्या या योजनेत, पैदास सुधारणेच्या बरोबरीने, संतुलित आहाराला जागा मिळाली. गावातल्याच प्रशिक्षित तरुणाने किंवा तरुणीने गोठ्यात यायचं, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक नोंदवायचा, टेपने छातीचा घेर मोजून वजन काढायचं, दूध आणि फॅट पाहायचं. घरात काय आहे ते विचारायचं : ज्वारीचा कडबा, सरकी पेंड, भुसा. मग संगणक त्याच साहित्यातून सर्वांत स्वस्त आणि पुरेसा आहार सांगतो. बहुतेक गोठ्यांत जनावर उपाशी नसतं. एखादी पेंड भरमसाट आणि क्षार मिश्रण मात्र नाही, असा प्रकार असतो. आहार जुळला की लिटरमागे खर्च उतरतो आणि मिथेनही कमी सुटतो.

कारखान्यातलं खाद्य, गावाचं गायरान आणि गोठ्यातली दावण अशा तीन ठिकाणी त्यांनी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. जनावर आजारी पडण्याआधीचं हे वैद्यक आहे. त्याला टाळ्या मिळत नाहीत, कारण न झालेला आजार कुणाला दिसत नाही.

महाराष्ट्राने हे ऐकायला हवं. आपल्याकडे वैरणीची चर्चा दुष्काळ पडला, चारा छावण्या उघडल्या की सुरू होते आणि पहिल्या पावसाबरोबर थांबते. दरम्यान गायरानांवर अतिक्रमणं चढतात. गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करून ग्रामसभेकडे द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. अजूनही कितीतरी गावांत ही जमीन फक्त सातबाऱ्यावर उरली आहे. म्हणून येत्या ग्रामसभेत आपल्या गायरानाचा उतारा मोठ्याने वाचायला लावा आणि डेअरीत दुधाच्या दरासोबत आहाराचा सल्लाही मागा. परळला शिकलेल्या या पशुवैद्याच्या कामाची कदर करायची, तर ती अशीच करायला हवी.