वीज जमिनीवर, उष्णता समुद्रात

कच्छच्या आखातावर मुंद्रा येथे टाटा पॉवरचे ४,००० मेगावॅटचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्यातील ८०० मेगावॅटचे पाच संच २०१२ आणि २०१३ या वर्षांत सुरू झाले. केंद्रासाठी कोळसा मुख्यतः इंडोनेशियातून जहाजाने येतो, म्हणून किनाऱ्याची जागा सोयीची. पण समुद्र जवळ हवा, याला आणखी एक कारण आहे.

कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते व ती टर्बाइन फिरवते. बाहेर पडणाऱ्या वाफेचे पुन्हा पाणी करून ते बॉयलरमध्ये पाठवायचे, तर तिची उष्णता कोणीतरी घ्यायला हवी. सगळ्या उष्णतेची वीज करता येत नाही, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम. उरलेली उष्णता येथे समुद्राचे पाणी घेते.

किती पाणी लागेल? आपण गणित करू. कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर ४,००० मेगावॅट विजेसाठी १०,००० मेगावॅट उष्णता लागते. उरलेल्या ६,००० पैकी सुमारे १,००० मेगावॅट धुराड्यातून व इतर मार्गांनी जाते. राहिली ५,००० मेगावॅट, म्हणजे सेकंदाला ५० लाख किलोज्यूल. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांना ते ७ अंश सेल्सिअसहून अधिक तापवण्याची मुभा नाही. एक किलो पाणी ७ अंशांनी तापायला सुमारे २९ किलोज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येते: दर सेकंदाला सुमारे १७० टन पाणी!

सात अंश ऐकायला थोडे वाटतात. परंतु कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज वाढते. शिवाय आत खेचलेल्या पाण्याबरोबर अंडी व पिल्लेही यंत्रात जातात. ओहोटीच्या पट्ट्यात पायी मासे धरणाऱ्या पगडिया मच्छीमारांचे पोट याच पाण्यावर आहे. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाविरुद्ध तेथील रहिवासी अमेरिकेत न्यायालयात गेले. महामंडळाला खटल्यांपासून सरसकट संरक्षण नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. मात्र २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने खटला फेटाळला.

शीतलन मनोरे बांधले तर समुद्रातून फार थोडे पाणी घ्यावे लागते. मात्र खर्च वाढतो व कार्यक्षमता किंचित घटते. उष्णता नाहीशी होत नाही. ती हवेत जाते. मूळ करारांनुसार या विजेचा पाचवा हिस्सा, ७६० मेगावॅट, महाराष्ट्राचा. तेव्हा सेकंदाच्या त्या १७० टनांपैकी ३४ टन आपल्या नावावर मांडायला हवेत.