जहाजातून जमिनीवर : दिव्यांग व वृद्ध प्रवाशांसाठी

ज्यांना चालण्याचे कष्ट होतात, अशा व्यक्तींना समुद्रपर्यटन हा प्रवासाचा प्रकार पुष्कळच सोयीचा ठरतो. निवास, भोजन व प्रवास यांची व्यवस्था एकाच जहाजावर असते. सामान वरचेवर हलवावे लागत नाही आणि मोठ्या जहाजांवर वरखाली जाण्यासाठी लिफ्ट असते. अडचण उद्भवते ती जहाज आणि धक्का यांमधील काही फुटांच्या अंतरात. तेवढे अंतर ओलांडता न आल्यामुळे घरची मंडळी बेट पाहून येईपर्यंत आजोबांना एकटेच मागे बसून राहावे लागते. थोडी पूर्वमाहिती असेल, तर हा प्रसंग बहुधा टाळता येतो.

धक्क्यावर की नांगरावर?

जेथे पाणी पुरेसे खोल आहे, तेथे जहाज थेट धक्क्याला लागते. मुंबईत बॅलार्ड पिअर येथे असेच होते. तेथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. जेथे खोली नाही, तेथे जहाज दूर नांगरून उतारूंना लहान होड्यांतून नेतात. कोकणच्या बोटी चालू होत्या, त्या काळी अनेक बंदरांत पडावातून असेच उतरावे लागे, हे जुन्या पिढीस स्मरत असेल. लक्षद्वीपच्या काही बेटांजवळ पर्यटकांना आजही होडीत उतरावे लागते. हेलकावणाऱ्या होडीत बॅटरीवर चालणारी जड खुर्ची उतरविणे सहसा शक्य नसते. घडीची हलकी खुर्चीच तेथे उपयोगी पडते. म्हणून तिकीट काढतानाच प्रत्येक बंदराविषयी हा प्रश्न विचारावा, आणि आपल्या खुर्चीची रुंदी व वजन कळवावे.

भरतीचे गणित

चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार १ फूट उंचीस किमान १२ फूट लांबीचा असावा, असे प्रमाण आहे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळीत ४ मीटरांहूनही अधिक फरक पडतो. तेवढ्या फरकासाठी या प्रमाणाने ४८ मीटर लांबीचा उतार लागेल! पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हा यावरील उपाय होय. कारण त्यावर होडी व धक्का यांची पातळी फारशी बदलत नाही.

जेथे अशी सोय नाही, तेथे दिवस निवडावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा कोकण किनाऱ्यावरील जुना हिशेब आहे. पौर्णिमेस वा अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती मध्यान्हाच्या व मध्यरात्रीच्या सुमारास येते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून ती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास येते. अचूक वेळ मात्र भरती-ओहोटीच्या कोष्टकात पाहावी.

गेटवेहून घारापुरीस लाँचने सुमारे तासाभरात पोहोचता येते. उधाणाच्या दिवशी भरती साधून निघाल्यास परतताना नेमकी ओहोटी गाठते, आणि खालच्या ओल्या, निसरड्या पायऱ्या चढाव्या लागतात. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत हा फरक बराच कमी असतो. जाताना व येताना दोन्ही वेळा चढउतार थोडा पडतो. घारापुरीच्या धक्क्यावरून डोंगराच्या पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. पुढे लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या असून, त्यांसाठी डोलीची खुर्ची मिळते. सोमवारी लेणी बंद असतात.

भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावर मार्च २०२० मध्ये रो-पॅक्स सेवा सुरू झाली. या प्रकारच्या जहाजात मोटार थेट आत जाते. त्यामुळे मोटारीतून येणाऱ्या प्रवाशास पायऱ्यांचा प्रश्नच उरत नाही.

हक्क आणि सौजन्य

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ अन्वये वाहतुकीची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्यासाठी उपाययोजना करणे, ही शासनावर सोपविलेली जबाबदारी आहे. तेव्हा सोयीची चौकशी करताना प्रवाशाने संकोच बाळगण्याचे कारण नाही. 'सोय आहे का?' एवढेच विचारू नये. पायऱ्या किती, कठडा कोणत्या बाजूस, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती, असे नेमके प्रश्न विचारावेत.

मदतीस धावून येणाऱ्या खलाशांनी व सहप्रवाशांनीही एक पथ्य पाळावे. कोणासही न विचारता उचलू नये. कोठे धरावे, खुर्ची कोणत्या बाजूने फिरवावी, हे त्या व्यक्तीस उत्तम ठाऊक असते. तिला आधी विचारावे, ती सांगेल तसेच करावे. एवढे झाले, तरी आजोबा धक्क्यावर मागे न राहता लेण्यांतील त्रिमूर्तीसमोर घरच्यांसोबत असतील.