संरक्षक रसायने, वनस्पतींतील

पाण्याची टंचाई, कडक ऊन, थंडी, लवणयुक्त जमीन, कीटक अथवा कवके यांच्यामुळे निर्माण होणाऱ्या ताणाच्या परिस्थितीत वनस्पती जी बचावाची कार्बनी संयुगे तयार करतात किंवा ज्यांचे प्रमाण वाढवितात, त्यांना संरक्षक रसायने म्हणतात. टॅनिने, अल्कलॉइडे, टर्पिने, फिनॉलिक संयुगे व सायनाइड देणारी ग्लुकोसाइडे हे त्यांचे प्रमुख गट होत. वाढ व प्रजोत्पादन यांस ती प्रत्यक्ष लागत नसल्याने एकेकाळी त्यांना टाकाऊ द्रव्ये समजत. हे मत आता मागे पडले आहे. जागा सोडून पळणे शक्य नसलेल्या सजीवाला रसायनांचाच आधार असतो.

जमीन सुकू लागली की मुळांत व पानांत ॲबसिसिक अम्लाचे प्रमाण वाढते आणि त्वग्रंध्रे मिटतात. कार्बन डाय-ऑक्साइडाचा पुरवठा आटतो, परंतु सूर्यप्रकाश शोषला जातच असतो. या शिल्लक ऊर्जेमुळे पेशींना घातक अशी ऑक्सिजनाची क्रियाशील रूपे तयार होतात व त्यांना आवर घालण्यासाठी फिनॉलिक संयुगे उपयोगी पडतात. सौम्य ताणात प्रकाशसंश्लेषणाच्या आधी वाढ मंदावते. त्यामुळे न वापरलेला कार्बन अशा संयुगांकडे वळविता येतो. कीटकाने पान कुरतडल्यास मुख्यतः जास्मोनिक अम्ल, तर अनेक रोगकारक सूक्ष्मजीवांच्या बाबतीत सॅलिसिलिक अम्ल इशारा देण्याचे काम करते. मात्र ताण वाढेल तितके रसायन वाढेल, असा सरळ नियम नाही. तीव्र अवर्षणात प्रकाशसंश्लेषणच थांबल्याने एकूण उत्पादन घटते, तरीही झाड खुरटल्यामुळे शेकडा प्रमाण वाढलेले दिसू शकते.

ज्वारी (सॉर्घम बायकलर) हे या विषयाचे आपल्याकडील सर्वांत बोधप्रद आणि पशुपालकाला महाग पडणारे उदाहरण आहे. तिच्या कोवळ्या भागांत धुरीन हे ग्लुकोसाइड असते. डन्स्टन व हेन्‍री यांनी १९०२ मध्ये ते वेगळे केले. त्याचे नाव ज्वारीच्या ‘धुरा’ या अरबी नावावरून आले आहे. टायरोसीन या ॲमिनो अम्लापासून ते तयार होते. पानात धुरीन अपित्वचेतील कोशिकांच्या रिक्तिकांत, तर त्याचे विघटन करणारे एंझाइम आतील कोशिकांच्या हरितकणूंत असते. पान चावले गेले की दोन्ही एकत्र येतात व हायड्रोसायनिक अम्ल मुक्त होते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजंतूही हे विघटन घडवितात, म्हणून गाईबैलांना धोका अधिक असतो.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा व त्याच्या आसपासचा भाग पर्जन्यछायेत येतो. येथे रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते व तिचा कडबा हा जनावरांचा मोठा आधार असतो. पक्व ताटांत धुरीन कमी असल्याने चांगला वाळलेला कडबा सहसा निर्धोक ठरतो. धोका असतो तो पावसाने ताण दिल्यामुळे खुरटलेल्या कोवळ्या पिकात आणि कापणीनंतर अवकाळी पावसाने धसकटांना आलेल्या फुटव्यांत. टंचाईच्या दिवसांत दुसरे हिरवे काही नसते. उपाशी जनावर नेमके त्याच फुटव्यांवर तुटून पडते. नत्रयुक्त खत जास्त दिल्यानेही धुरीन वाढते. ताज्या चाऱ्यात दर दशलक्ष भागांत २०० भागांहून अधिक हायड्रोसायनिक अम्ल असल्यास तो धोक्याचा मानतात.

हे अम्ल पेशींतील श्वसनाचे एंझाइम निकामी करते. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून रक्त लालभडक दिसते. जनावर धापा टाकते, थरथरते, कोसळते व काही मिनिटांतही मरू शकते. पशुवैद्य शिरेतून सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट देतात. मात्र अवर्षणातील ज्वारीत नायट्रेटही साठते व त्याच्या विषबाधेत रक्त तपकिरी होते. त्या वेळी नायट्राइट दिल्यास अपायच होईल. तेथे मिथिलीन ब्ल्यू वापरतात. रक्ताच्या रंगाकडे लक्ष देणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. चारा वाळविल्याने सायनाइडाचा धोका बराच कमी होतो, पण नायट्रेट तसेच राहते. मुरघासात दोन्ही घटतात.

ज्वारीची इतर रसायनेही लक्षणीय आहेत. कवकाने हल्ला केल्यावर पानावर उमटणारे लाल-जांभळे ठिपके पुष्कळदा तिच्या संरक्षक रंगद्रव्यांचे असतात. तिची मुळे सॉर्गोलिओन हे तेलकट द्रव्य बाहेर टाकतात व त्यामुळे शेजारच्या अनेक तणांची वाढ खुंटते. परंतु मुळांतून स्रवणाऱ्या अन्य काही द्रव्यांची चाहूल लागून टारफुला या परजीवी तणाचे बी रुजते.

धुरीन हे केवळ विषही नाही. गरज पडल्यास वनस्पती त्यातील नायट्रोजन सायनाइड मुक्त न करता परत वापरते, असे दिसून आले आहे. धुरीनविरहित ज्वारीचे प्रकारही उत्परिवर्तनाने मिळविले गेले आहेत. अशा वाणांचा चारा सुरक्षित असला, तरी किडींपुढे व दुष्काळात ते कितपत टिकतात, हे त्या त्या प्रदेशाच्या शेतातच पाहावे लागते.