चाकाला वल्ही

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे गाव. तिथे वाळूच्या टेकड्या कुठल्या? त्यासाठी जैसलमेरजवळच्या समला जावे. पण भुसभुशीत जागी चाक का रुतते, हे भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला कुणी शिकवायला नको. तो चिखलात लोखंडी पट्ट्यांची पिंजरेवजा चाके लावतो. एटीव्ही नावाच्या चार फुगीर चाकांच्या फटफटीचा 'पॅडल टायर' हे त्याचेच रबरी भावंड!

साधे चाक वाळूत गरगरले की स्वतःचाच खड्डा खणते. पॅडल टायरवरची आडवी, खोलगट वल्ही वाळू मागे लोटतात आणि गाडी पुढे सरते. ती बहुधा मागच्याच चाकांना. पुढचा टायर गुळगुळीत, मधोमध वळण्यापुरती एक धार. बसवताना दिशा मात्र नीट पाहावी. चाकाच्या माथ्यावरच्या वल्ह्याची खोलगट बाजू पुढे हवी. उलट बसले तर वाळू पकडीत येत नाही. इंजिन लहान असेल तर वल्हीही थोडी. अशक्त नावाड्याच्या हाती गलबताचे वल्हे द्यावे काय? हवा थोडी कमी ठेवावी, पण फार कमी केल्यास टायर रिमवरून निसटतो.

खरे भय टेकडीच्या माथ्यावर. पलीकडचा दिसत नाही. कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल वाळूटेकड्यांत म्हणूनच गाडीवर जमिनीपासून ८ फूट उंच झेंडा सक्तीचा आहे. आणि चिरंजीवांनी कितीही हट्ट धरला तरी एकट्याच्या गाडीवर त्यांना पाठीमागे बसवू नका. मागचे जादा वजन आणि वल्ह्यांची पकड, दोन्ही मिळून चढावर पुढची चाके उचलतात.