थांबण्याची ऐपत: कांदाचाळीचा हिशेब

नाशिक जिल्ह्यात लासलगाव, चांदवड, येवला, सटाणा या पट्ट्यात वस्तीवस्तीवर एक लांबट, अरुंद बांधकाम दिसते. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, भिंती बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या, मध्ये फटी ठेवलेल्या, आणि वर कौले किंवा सिमेंटचे पत्रे. ही कांदाचाळ. तिला वीज लागत नाही आणि गावातला सुतार किंवा वेल्डर ती उभी करतो. महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत निघतो. त्यांपैकी खरीप आणि रांगडा फार टिकत नाहीत, काढले की विकावेच लागतात. टिकतो तो एप्रिल-मेच्या सुमारास निघणारा उन्हाळी कांदा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवा खरीप येईपर्यंत देशाची भिस्त मुख्यतः त्याच्यावर असते. चाळीमुळे नासाडी कमी होते, हे सगळेच सांगतात. पण चाळीचा खरा माल कांदा नसून वेळ आहे. तो वेळ लहान शेतकऱ्याला वापरता येतो का, यावरच तिचे यश मोजायला हवे.

एवढे साधे बांधकाम चालते कसे, याचे उत्तर कांद्याच्या स्वभावात आहे. काढणीनंतर काही काळ कांदा सुप्तावस्थेत असतो. ही अवस्था शून्य अंशाच्या आसपास टिकते, तशीच 25 ते 30 अंश तापमानात आणि 65 ते 70 टक्के आर्द्रतेतही बऱ्यापैकी टिकते. कोंब लवकर फुटतात ते मधल्या, सौम्य गारव्यात. म्हणून मे महिन्याच्या कोरड्या उष्म्यात मुख्यतः वजनघट होते, जुलै-ऑगस्टच्या दमटपणात सड आणि काजळी वाढते, आणि पावसाळा सरताना कोंब डोके काढतात. चाळीला तापमान बदलता येत नाही. ती फक्त हवा खेळती ठेवते. तिची सगळी मापे याच कामासाठी आहेत. कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास ठेवतात, कारण त्याहून रुंद ढिगाच्या पोटात वारा पोचत नाही. थर पाच फुटांपेक्षा उंच गेला तर खालचा कांदा दबतो. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात, म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या लांब अंगातून आरपार जातो.

मात्र वाईट कांद्याला चाळ चांगले करत नाही. निम्मे काम शेतातच झालेले असते. नत्र उशिरापर्यंत दिले की मान जाड राहते आणि तिथूनच सड शिरते. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडणे, पातीसह शेतात सुकवणे, इंचभर मान ठेवून पात कापणे, मग सावलीत वाळवणे आणि जोडकांदा, डेंगळे, इजा झालेला माल निवडून बाजूला काढणे, हे सगळे केले तरच चाळ कामाची. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची ‘भीमा किरण’, ‘भीमा शक्ती’ यांसारखी वाणेही साठवणुकीचा विचार करून आलेली आहेत. साध्या साठवणुकीत चार-पाच महिन्यांत 30 ते 40 टक्के घट धरली जाते. शंभर क्विंटल भरून 35 गेले, तर मे महिन्याइतकेच पैसे हाती यायला भाव दीडपटीहून अधिक चढावा लागतो. घट 20 वर आणली तर सव्वापट पुरतो. मजुरी आणि व्याज वेगळे. घटीतला हा फरक म्हणजे शेतकऱ्याला सोसवणारी जोखीम.

यावर पहिला आक्षेप असा की शीतगृहे असताना बांबूच्या चाळीचे कौतुक कशाला? शीतगृहात कांदा उत्तम राहतो, पण त्याला वीज लागते, मोठे भांडवल लागते, आणि बाहेर काढल्यावर तो लवकर कोंब धरतो. विकिरणाचा पर्यायही नवा नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ केंद्र लासलगावला 2002 पासून आहे. विकिरणाने कोंब थांबतात, पण सड आणि वजनघट थांबत नाही, त्यामुळे पुढे चांगली साठवण लागतेच. ही साधने व्यापारी आणि सरकारी साठ्यासाठी उपयोगी ठरू शकतील. दोन एकरवाल्याच्या बांधावर आजही चाळच परवडते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: साठवण हा जुगार आहे. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले, तेव्हा उन्हाळी कांदा चाळींत होता. डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली. ग्राहकाला स्वस्त कांदा हवा, ही मागणी गैर नाही. पण भाव पडताना तोटा शेतकऱ्याचा आणि चढताना हस्तक्षेप सरकारचा, अशी रीत असेल तर थांबण्याचे बक्षीसच कापले जाते. हा दोष चाळीचा नव्हे, धोरणाचा आहे. उलट गावोगावी साठा असेल तर आवक मे महिन्यात एकदम बाजारावर आदळत नाही, महिन्यांवर पसरते. याचा फायदा ग्राहकालाही होतो.

तिसरी अडचण मात्र खरोखरच चाळीच्या आवाक्याबाहेरची आहे. जूनमध्ये खरिपाचे बियाणे, खत आणि जुनी उसनवारी समोर असताना लहान शेतकरी थांबणार कसा? महाराष्ट्रात चाळीसाठी बरीच वर्षे टनाला 3,500 रुपये अनुदान होते, पण त्यासाठी आपल्या नावाची जमीन आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागते. वाट्याने कसणारा तिथेच गळतो. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे, पण तिची घडी गोदामात पोत्यांनी राहणाऱ्या धान्य-कडधान्यांसारख्या मालाला साजेशी आहे. दर महिन्याला वजन घटणाऱ्या कांद्यावर कर्ज देणे अवघड खरे. म्हणून घट आधीच धरून मूल्याच्या निम्म्याच रकमेची उचल द्यावी, आणि शेतकरी उत्पादक कंपनीच्या सामाईक चाळीत प्रतवारी व मोजणी करून ती द्यावी. एवढी उचल खरिपाची पेरणी निभावून नेऊ शकते. ती मिळेपर्यंत चाळीचा खरा लाभ, आधीच थांबण्याची ऐपत असलेल्यांच्याच पदरात पडत राहील.