लॅपटॉपची खरी किंमत

दोन कंपन्यांचा च्यवनप्राश घेताना आपण पाठ व वजन पाहून मगच भावाची तुलना करतो. रुग्णनोंदी व बिलांसाठी लॅपटॉप घेतानाही हाच विवेक ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात डेल, एचपी, लेनोवो, एसर यांचे भाव विचारताना प्रोसेसरची पिढी, रॅम, एसएसडी, विंडोजचा परवाना आणि हमी ही पाच अंगे समान असावीत. विंडोजविना यंत्र स्वस्त दिसते. परवान्याचा खर्च मात्र मागाहून येतो. हमीत अभियंता चिकित्सालयात येणार की यंत्र सेवाकेंद्रात न्यावे लागणार, हे लेखी घ्यावे.

दुसरा भेद कराचा. लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे 50,000 रुपये मूळ किमतीवर 9,000 रुपये. नियमित योजनेत नोंदणी असलेल्या औषधविक्रेत्यास, यंत्र करपात्र विक्रीसाठीच वापरल्यास, या कराची वजावट मिळू शकते. रुग्णसेवा करमुक्त असल्याने केवळ चिकित्सा करणाऱ्या वैद्यास ती मिळत नाही. म्हणून औषधविक्रेत्यांनी बिलावर आपला जीएसटी क्रमांक अवश्य नोंदवून घ्यावा. वैद्यांनी करासहित किंमतच तुलनेस धरावी.