मोडण्यासाठी बांधलेली देवळे

पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव मिरविणारी पुण्याची सदाशिव पेठ तिच्या काटकसरीबद्दल आणि स्पष्टवक्तेपणाबद्दल जितकी ख्यात आहे, तितकी तिच्या स्थापत्याबद्दल नाही. तरीही भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की तिच्या अरुंद रस्त्यांवर कोठे कळसासह दाक्षिणात्य गोपुर, कोठे राजस्थानी महाल, तर कोठे कैलासाची गुहा उभी राहते, आणि अनंत चतुर्दशी उलटल्यावर त्याच जागी दुचाक्यांची रांग पूर्ववत लागते. ही देवळे जातात कोठे, हा प्रश्न आरास पाहणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी फारच थोड्यांना पडतो. वास्तविक या कलेचे निम्मे मर्म त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

उपासनेसाठी रंगभूमीची सामग्री वापरण्याची रीत आपलीच आहे असे नाही. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी ख्रिस्तजन्माचा गोठा प्रत्यक्ष मांडला. पुढे फ्लॉरेन्सच्या सान फेलिचे चर्चमध्ये देवदूत वरून खाली उतरविणारे यंत्र बसविण्यात आले व त्याचे कर्तृत्व ब्रुनेलेस्कीसारख्या वास्तुविशारदाकडे दिले जाते. आणि इंग्लंडातील यॉर्क शहरी कारागिरांचे संघ बायबलातील प्रसंग चाकांच्या गाड्यांवर फिरवीत व उत्सव सरला की त्या गाड्या पुढील वर्षासाठी कोठारांत जपून ठेवीत. पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले ते १८९२-९३ च्या सुमारास. पहिला मान भाऊसाहेब रंगारींचा की लोकमान्यांचा, या वादात शहाण्याने पुण्यात राहून पडू नये.

आरंभीच्या आराशीत मखर, झालरी, हंड्या-झुंबरे आणि रंगविलेले पडदे एवढाच सरंजाम असे. पडदे रंगविण्याची विद्या नाटक मंडळ्यांनी पोसली होती. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे दोघे या विद्येत नामांकित होते, आणि बाबूराव तर त्याच हाताने पुढे चित्रपटाकडे वळले. मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ ललितकलादर्शने १९२२ साली रंगभूमीवर आणले, तेव्हा पु. श्री. काळे यांनी गुंडाळत्या पडद्याऐवजी भिंती, दारे, खिडक्या असलेली खरीखुरी खोली उभी केली. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या ‘फ्लॅट’चा जमाना तेथून स्थिरावला. नाटकाचा संच गावोगाव हिंडणार, म्हणून नेपथ्यकाराला प्रत्येक भिंत दारातून निघेल आणि बसच्या टपावर किंवा टेम्पोत मावेल अशाच मापाने तोडावी लागे. भरत नाट्य मंदिर आणि टिळक स्मारक मंदिर ही दोन नाट्यगृहे याच पेठेत असल्याने, रात्री नेपथ्य उतरविणारे हात आणि श्रावणात देखावा बांधणारे हात हे एकमेकांचे शेजारी राहिले.

देखाव्याचा आराखडा करणारा कलावंत प्रथम रस्त्याची रुंदी पाहतो; कारण मंडपाला महापालिकेचा व पोलिसांचा परवाना लागतो, आणि जेथे वाट अडविणे शक्य नसते तेथे खालून रहदारी चालू राहील असा ‘रनिंग मंडप’ घालावा लागतो. मग तो देवळाचे तुकडे पाडतो. चाळीस खांबांच्या सभामंडपाला चाळीस निरनिराळे खांब घडविणे ही उधळपट्टी. एक खांब, एक कमान, एक नक्षीचा पट्टा इतक्यांचेच साचे करून त्यांतून फायबरच्या किंवा प्लास्टरच्या प्रती काढल्या, म्हणजे दिव्यांच्या योजनेने तो मंडप विशाल भासतो. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर क्रमांक घालतात. तो नसेल तर पुढील साली जोडणाऱ्यांची दैना होते. जेथे खिळा चालला असता तेथे जाणता सुतार नटबोल्ट घालतो, कारण खिळा उपसताना प्लायवूड फाटते आणि फाटलेली कड दुसऱ्यांदा जुळत नाही. खांब आतून पोकळ, सांगाडा हलका, पाठ उघडी. समोरून पाषाण आणि मागून खोक्याची फळी, अशी ही दुहेरी सृष्टी ज्याने मागच्या बाजूने पाहिली नाही त्याने ती पुरती पाहिलीच नाही, असे माझे मत आहे.

हलत्या देखाव्यांतील पुतळ्यांचे जीवन याहून चमत्कारिक. मस्तक व हात फायबरचे, धड सांगाड्याचे, आत गती कमी करणाऱ्या दंतचक्रांची मोटार. पोशाख आणि दाढी-मिशा बदलल्या की गेल्या वर्षीचा अफझलखान यंदा कंस म्हणून उभा राहण्यास मोकळा होतो. पुण्यात दहा दिवस गाजलेला देखावा पुढे करार करून दुसऱ्या गावच्या मंडळाला भाड्याने वा विकत दिला जातो, आणि तेथे तो नवाच असतो. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाच्या जमाखर्चात ही जमेची बाजू मोठी असते. सदाशिव पेठेतील छत्रपती राजाराम मंडळासारखी मंडळे भव्य प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध आहेत; शेजारच्या बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या उत्सवात कोतवाल चावडीपाशी २०२३ साली अयोध्येचे राममंदिर, २०२४ साली हिमाचलातील जटोलीचे शिवमंदिर आणि २०२५ साली केरळचे पद्मनाभस्वामी मंदिर उभे राहिले. दरसाल एक तीर्थक्षेत्र उभारून उतरविण्याचा हा उद्योग सामान्य कारागिरीचा नव्हे.

येथे एक विलक्षण उलटापालट झालेली दिसते. शास्त्राप्रमाणे पार्थिव मूर्तीचे विसर्जन व्हायचे; पण पुण्यातील अनेक मंडळांची उत्सवमूर्ती कायमची असून विसर्जन लहान मूर्तीचे होते. भाऊ रंगारींची असुरमर्दन करणारी मूर्ती प्रारंभापासून जतन केलेली आहे, तर तुळशीबागेची फायबरची मूर्ती शिल्पकार डी. एस. खटावकर यांच्या हातची. ज्याने जायचे तो देव राहिला, आणि ज्याने राहायचे ते देऊळ गावोगाव फिरू लागले.

घरगुती आराशीत सजावट पुन्हा वापरण्याचे तत्त्व पूर्वीपासून होते: मूर्ती शाडूची, ती विरघळायची, लाकडी मखर मात्र माळ्यावर चढायचे. मध्यंतरी थर्माकोलने ही शिस्त बिघडविली. हलके, स्वस्त, हवे तसे कापता येणारे. पण एकदा कोपरा तुटला की कचरा, आणि तो कचरा न कुजणारा. राज्य शासनाने २०१८ साली त्यावर बंदी घातली, तेव्हा कारागिरांनी न्यायालयापर्यंत धाव घेतली, परंतु त्यांना सवलत मिळाली नाही. कारागिरांचे नुकसान खरे होते. तरीही ज्या पदार्थाने पुनर्वापराची सवयच मोडली, त्याच्या जाण्याचे दुःख मला होत नाही. कापड, बांबू, पुठ्ठा आणि प्लायवूड पुन्हा आले.

आता अडचण उरली ती जागेची. वाड्यांच्या पडव्या, तळघरे आणि रिकामे गोठे होते तोवर मंडळांचे सामान पेठेतच राहत असे. वाड्यांच्या जागी सदनिका आल्यावर खांब-कमानींना शहराबाहेरची भाड्याची गोदामे शोधावी लागतात, आणि भाडे परवडले नाही तर चांगला सांगाडा भंगारात जातो. पुणे महापालिकेने पेठांच्या जवळपास एखादी मोठी जागा मंडळांना सामायिक कोठार म्हणून माफक भाड्याने द्यावी, तेथे कोणाचे कोणते सामान आहे याची नोंदवही ठेवावी, आणि ज्या मंडळाची ऐपत नाही त्याला त्यातील जुने सामान मागून नेता यावे, एवढी तरतूद येत्या भाद्रपदापूर्वी झाली पाहिजे.